हत्तीपासून उंदरापर्यंत

५ मार्च २००६, रविवार. दुपारी साडेचार.
रोजनिशी आजपासून पुन्हा सुरू. जानेवारीत बंद पडली त्याला लोडशेडिंग जबाबदार. आता दिवसाउजेडीच लिहायचं. वही कपाटात, जुन्या स्वेटरखाली. कमळ म्हणते मी तुमच्या वहीला हातही लावत नाही. बायको आपण होऊन असं का सांगेल? मी विचारलं होतं का?

आज एक मोठी फसवणूक उघडकीस आली. चार वर्षांपूर्वी टीव्हीवर एक कार्यक्रम लागला होता. हिंदी डबिंग. डायनासोर मेल्यावर पिलांना दूध पाजणारे प्राणी पृथ्वीवर कसे आले, कसे वाढले, ते सगळं कंप्युटरवर हुबेहूब बनवलेलं. मी आणि मृणालीने शेजारी बसून पाहिला होता. ती अकरावीत होती आणि माझं ऐकत होती. तो बघूनच तिने पुढे प्राण्यांचा विषय घेतला. मी तर अख्ख्या टेमघरात सांगत फिरलो होतो की बघा, बघा.

तोच कार्यक्रम आज आपल्या केबलवाल्या प्रितमने त्याच्या घरच्या चॅनलवर लावला. चहा घेऊन बसलो. आणि काय बघतो? सुरुवातीलाच माकडासारखी माणसं. मग सुळेवाले वाघ. मग बर्फ आणि केसाळ हत्ती. हत्ती संपले की नावांची यादी. मग परत कार्यक्रमाचं नाव. आणि मग उंदीर! उंदराएवढे चिमुकले प्राणी, म्हणे सगळ्यांचे पूर्वज. म्हणजे माणूस आधी, हत्ती मग, आणि उंदीर सगळ्यात शेवटी. पुढे बकरीएवढा घोडा, पायवाला देवमासा. शिंग नसलेला अवाढव्य गेंडा आला आणि लाइट गेली.

चार वर्षांपूर्वी असं नव्हतं. मला पक्कं आठवतंय, उंदीर आधी होते. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी गुपचूप बदललं आणि जगाला कळवलं नाही.

मृणाली म्हणायला लागली, बाबा, मला वाटतं प्रितमदादाने… तिला तिथेच थांबवलं. गरिबाच्या पोरावर ढकलायचं नाही. तो बिचारा वरून येतं ते लावतो. मागच्या रविवारी त्याने सिनेमा लावला त्यात हिरोच्या बापाचं तेरावं आधी आणि खून नंतर होता. त्यात त्याचा काय दोष? हल्ली कुणालाच कशाचं गांभीर्य उरलेलं नाही.

संकल्प: या कार्यक्रमाची शास्त्रीय तपासणी करायची. वेळ आहेच. राहनाळची जमीन गोडाऊनला दिल्यापासून वेळच आहे.

६ मार्च.
तपासणी सुरू. मुद्दा पहिला: नावं मध्येच का? माणसं काम संपल्यावर नाव लावतात. यांनी अर्ध्यात लावली. पकडले जाऊ या भीतीने अर्धे लोक काम सोडून गेले असावेत.
मुद्दा दुसरा: कार्यक्रमाचं नाव दोनदा. ज्याचा माल खोटा तो दोनदा ओरडतो.
मृणाली कॉलेजातून येताना प्रितमच्या दुकानात थांबलेली दिसली. पाच मिनिटं बोलत होती. कशाबद्दल? विचारलं तर म्हणाली, त्या कार्यक्रमाबद्दलच, बाबा, ऐका तरी. मी म्हणालो, माझ्या तपासणीत लुडबुड नको.

८ मार्च. सायंकाळी.
गायकवाड सर चहाला आले. नरेंद्र गायकवाड, शेजारी, हायस्कूलला जीवशास्त्र शिकवतात. वीस वर्षं रोजचा चहा एकत्र. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, शेठ, आधी नक्की काय दिसलं? मी क्रम सांगितला. त्यांनी बशीतला चहा हळूच फुंकला आणि मृणालीकडे बघितलं. मृणालीने त्यांच्याकडे बघितलं. हे दोघं एकमेकांकडे का बघतात?

मग सर म्हणाले, त्या कार्यक्रमात चुका आहेत, पण वेगळ्या. हाडांवरून प्राण्याचा रंग कळत नाही, आवाज कळत नाही, तो सगळा अंदाज. तो गेंडा दाखवलाय तेवढा वजनदार नसावा असं आता काही जण म्हणतात. आणि देवमाशाचे नातेवाईक त्यांनी चुकीचे सांगितले, कारण पाकिस्तानात घोट्याची हाडं सापडली त्यावरून तो पाणघोड्याच्या जवळचा निघतो.

देवमासा आणि पाणघोडा! मी हसलो. पण नंतर विचार केला, हे सरांना इतकं तोंडपाठ कसं? आणि पाकिस्तानातलं? म्हणे वाचलं. एवढं वाचायला शाळेत वेळ मिळतो?

जाता जाता म्हणाले, शेठ, जयंतीनिमित्त आमच्या विहारात व्याख्यानमाला असते, यंदा एक दिवस विज्ञानाचा आहे, तुम्ही बोला. मी ताबडतोब हो म्हणालो. आता वाटतंय, मलाच का? भिवंडीत माणसं संपली? यात डाव असणार. पण मी घाबरणाऱ्यांतला नाही.

९ मार्च.
व्याख्यानाचं नाव ठरलं: ‘विज्ञानाचा बुरखा’. रोज दोन पानं लिहायची. पहाटे फिरायला जायचं, आवाजासाठी कोमट पाणी, गोड बंद.

१० मार्च.
उठायला उशीर झाला. कमळने पुरणपोळ्या केल्या होत्या. होळी चार दिवसांवर असताना आजच का? माझं गोड बंद आहे हे तिला कुणी सांगितलं? (चार खाल्ल्या.)

१२ मार्च, रविवार.
जेवताना मृणालीने विषय काढला. बी.एस्सी. झाल्यावर तिला पुण्याला एम.एस्सी. करायचंय. त्यातही जुनी हाडं, दगडात सापडतात ती. सर म्हणाले तिला जमेल. सर म्हणाले! पूर्वी ही मला विचारायची, बाबा, हे खरं असतं का? मी सांगेन ते खरं असायचं. आता सर म्हणतात ते खरं.

मी म्हणालो, इथेच बी.एड. कर, घरात राहा. ती म्हणाली, बाबा, तुम्ही सगळ्या गोष्टींवर संशय घेता, एकदा माझं ऐकून घ्या ना. कमळ तिच्याच बाजूने. मग मी पैज लावली. विहारात मी जे सिद्ध करणार आहे ते चुकीचं निघालं, तर तू पुण्याला जा. बरोबर निघालं, तर बी.एड. आणि तोपर्यंत या विषयावर घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही. सरांनीही नाही, त्यांना जाऊन सांग.

मृणालीने विचारलं, नक्की? माझ्याकडे असं बघितलं की माझी कीव येत असावी. ती म्हणाली, बाबा, ही पैज नका लावू. हरण्याची भीती, दुसरं काय.

१६ मार्च.
गेंड्याचा निकाल लावला. कार्यक्रमात त्याचं वजन सांगितलं पंधरा टन. राहनाळच्या वजनकाट्यावर जाऊन उभा राहिलो. पंधरा टन माल म्हणजे जवळपास भरलेली दहाचाकी. तिला दहा चाकं लागतात, तरी स्प्रिंगचा पाटा तुटतो. मग ह्याला चार पाय कसे पुरले? काट्यावरच्या माणसाला विचारलं. तो यूपीचा. म्हणाला, चचा, गाडी हटवाओ, पीछे लाइन लगी है. गाडी माझी नव्हतीच. पण मुद्दा त्यालाही पटला असावा, नाहीतर एवढा चिडला नसता.

१९ मार्च, रविवार.
आज प्रत्यक्ष पाहणी. मुद्दा: पायवाला देवमासा किनाऱ्यावर शिकार करतो हे खरं का? आम्ही खाडीची माणसं. माझ्या आज्याने खारबावच्या खाडीत जन्म काढला. मी स्वतः दहाव्या वर्षानंतर चिखलात उतरलेलो नाही, पण रक्तात असतंच.

खारबावला गेलो. ओहोटी होती. देवमासा चालेल तसं चालून बघायचं ठरवलं, म्हणजे खाली वाकून, हात पुढे. तिसऱ्या पावलाला उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. डावा काढायला गेलो तर तोही. खेकडे पकडायला काशी नावाची बाई आली होती, तिने पाहिलं. ओरडून म्हणाली, मामा, काय हरवलाय? हितं माणूस रुततंय, भरती व्हायला लागलीय, वर या! मी म्हणालो, संशोधन चालू आहे. ती म्हणाली, ते बाहेर येऊन करा. मग तिने आणि तिच्या जावेने काखेत हात घालून ओढलं. एक चप्पल खाडीत राहिली.

निष्कर्ष: पाय असलेला प्राणी चिखलात चालू शकत नाही. मुद्दा सिद्ध.
काशीने विचारलं, घरी कुणी हाय ना बघायला? हे का विचारलं, कळलं नाही.

२२ मार्च.
लेखन: अजून सुरू नाही. आधी विचार पक्के व्हावे लागतात.
दुपारी घरात शिरलो तर कमळ आणि सरांच्या मंदावहिनी कुजबुजत होत्या. मला बघून गप्प. मग वहिनी म्हणाल्या, कैरी महाग झालीय. मी स्पष्ट ऐकलं होतं, आधी ‘होस्टेल’ असा शब्द आला होता. कैरीला होस्टेल लागत नाही. म्हणजे मी हरणार असं यांनी आपसात ठरवून टाकलंय आणि तयारीही चालू आहे. घर म्हणून राहिलेलं नाही, छावणी झाली आहे.

२७ मार्च.
मृणाली रात्रंदिवस अभ्यासात. परीक्षा जवळ आलीय. मी तिच्या खोलीत गेलो, सहज, तर ती कवटीचं चित्र काढत होती. छान काढलं होतं. एकेका दाताला नाव. मी विचारलं, हे कसं पाठ राहतं? म्हणाली, पाठ नाही करत, बाबा, दात बघितला की कळतं तो प्राणी काय खायचा. थोडा वेळ तिथेच बसलो. तिने बसू दिलं. तिचे हात तिच्या आईसारखे आहेत.

ही पुण्याला गेली तर या खोलीचं काय करायचं? असा विचार आला. पण प्रश्न खोलीचा नाही, शास्त्राचा आहे.

२ एप्रिल, रविवार.
पान एक लिहून झालं. सुरुवात: बंधुभगिनींनो, आपल्याला फसवलं गेलं आहे. पुढे काय लिहावं यावर मन स्थिर होत नाही. आयत्या वेळी सुचलेलं जास्त जोरात लागतं.

सर भेटले. म्हणाले, शेठ, विषय काढायचा नाही हे मला कळलंय, पण फक्त एक सांगू? मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, एकदा प्रितमकडची सीडी स्वतःच्या… मी कानावर हात ठेवले. रस्त्यात, सगळ्यांसमोर. स्पर्धकाचा सल्ला म्हणजे बिब्ब्याचं तेल, लावलं की फोड.

८ एप्रिल.
उद्या व्याख्यान. व्यवस्था: सरांच्या घरचा टीव्ही विहारात. प्लेअर आणि त्याच कार्यक्रमाच्या सीड्या प्रितम देणार. त्याला उद्या लग्नाचं शूटिंग आहे, म्हणून मृणाली आणेल आणि तीच लावेल. यावर बराच विचार केला. शत्रूच्या हाती तोफ द्यावी का? पण मला प्लेअर लावता येत नाही.

पुरावा साधा आहे. लोकांसमोर कार्यक्रम सुरू करायचा. आधी माणसं दिसली, मग उंदीर, की संपलं. सूर्याइतकं लख्ख.

९ एप्रिल, रविवार. व्याख्यान आटोपून आल्यावर लगेच.
विजय! शब्द सुचत नाहीत, पण लिहितो.

विहार भरलेलं. पुढे मुलं, मागे बाया, भिंतीला टेकून सरांचे जुने विद्यार्थी. मी पांढरा शर्ट. पाच मिनिटं बोललो, लोक एकदम शांत. मग म्हणालो, आता प्रत्यक्ष बघा. या कार्यक्रमाप्रमाणे पृथ्वीवर आधी माणूस आला, आणि त्यानंतर उंदीर! मागे थोडी खुसखुस झाली. सर खुर्चीतून अर्धे उठले. मृणाली टीव्हीपाशी दोन्ही सीड्या हातात घेऊन उभी होती. ट्यूबलाइटखाली धरून एक बघितली, दुसरी बघितली. सरांनी हात पुढे केला. तिने नाही अशी मान हलवली, त्यांच्या जवळ जाऊन काहीतरी म्हणाली, सर बसले. दोघांच्या काय खाणाखुणा चालल्या होत्या कोण जाणे. ऐन वेळी दगा देतात की काय!

तिने एक सीडी लावली. आणि पडद्यावर काय? माकडासारखी माणसं! मी टेबलावर हात आपटला. मग दुसरी लावली. उंदीर! खुसखुस पार थांबली. सरांनी पहिली टाळी वाजवली. मग सगळ्यांनी.

एक प्रश्न आला. गुणाबाई, विहाराच्या झाडलोटीचं बघतात, म्हाताऱ्या आहेत, म्हणाल्या, दादा, हत्तीचा उंदीर झाला तर हत्ती अजून हाईत कसं? मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिलं, सगळ्यांची अजून पाळी आलेली नाही. प्रचंड हशा. अशी दाद मिळायला नशीब लागतं.

घरी येताना मृणालीला म्हणालो, बी.एड. ती म्हणाली, हो बाबा. छान बोललात. आणि माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. हरलेला माणूस इतका शांत कसा? यावर उद्या विचार करायचा.

११ एप्रिल, मंगळवार.
सीड्या परत करायला प्रितमकडे गेलो. त्याला विजय सविस्तर सांगितला. तो ऐकत राहिला, मग डोकं खाजवत म्हणाला, सॉरी काका, तेव्हा चॅनलवर माझाच लोचा झाला होता ना. दोन नंबरची आधी लावली मी, एक नंबरची मागनं. सगळ्यांचे फोन आले. तुमची मृणाली तर दुसऱ्याच दिवशी येऊन बोलून गेली.

मी म्हणालो, कसले नंबर? त्याने सीड्या दाखवल्या. एकीवर १. एकीवर २. काळ्या मार्करने, अंगठ्याएवढे. मी परवापासून त्या पिशवीत घेऊन फिरत होतो.

घरी आलो. जेवलो नाही. ऊन लागलं असं सांगितलं.

१२ एप्रिल.
शक्यता पहिली: प्रितमने नंबर नंतर टाकले, मला खोटं पाडायला. पण त्याला मी पेपर टाकणाऱ्या पोराएवढाही महत्त्वाचा नाही.
शक्यता दुसरी: मृणालीने घाईत उलट्या लावल्या. पण तिने ट्यूबलाइटखाली धरून वाचल्या होत्या. दोन्ही. मी स्वतः बघत होतो.
शक्यता तिसरी लिहीत नाही.

१४ एप्रिल, शुक्रवार. जयंती.
सकाळी सरांकडे गेलो. घरात गर्दी, पाहुणे, सगळे पांढऱ्या कपड्यांत. मंदावहिनींनी खिरीची वाटी हातात दिली. सरांना बाजूला घेऊन विचारलं. तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, हो. मग तिथे उठून बोलला का नाहीत?

सर म्हणाले, उठलोच होतो, शेठ. तिला म्हटलं, नंबरप्रमाणे लाव, पोरी, तुझं पुणं आहे त्यात. ती म्हणाली, सर, पुणं कुठे पळून जातंय? बाबा एवढ्या माणसांत खाली मान घालून बसलेले मला नाही बघवणार. तुम्ही पण काही बोलू नका. पुढे सर म्हणाले, आणि मागे माझी पोरं हसत होती ना, त्यांना नंतर मीच सांगितलं, माणूस बोलायला उभा राहिला हेही थोडं नाही.

म्हणजे विहारातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. टाळ्या कशाच्या होत्या ते आता कळलं.

मी खीर खाल्ली. दुसरं काय करणार होतो? सरांनी खांद्यावर हात ठेवला, तर त्यातही आधी शोधायला गेलो की काही डाव आहे का. काही नव्हतं. फार लाज वाटली.

१५ एप्रिल. सकाळी.
मृणालीशी आज बोलायचं. भाषण तयार केलं आहे. नवीन पुरावा हाती आल्यामुळे पैज रद्दबातल ठरते, आणि विजेत्याने मन मोठं करावं अशी आपली परंपरा असल्यामुळे, वगैरे. तीन वेळा मनात म्हणून बघितलं. भारदस्त आहे.

त्याच दिवशी, दुपारी.
खोलीत गेलो. ती वाचत होती. भाषणातलं काहीच आठवलं नाही. म्हणालो, तू पुण्याला जा.

ती म्हणाली, पण तुम्ही जिंकलात ना? मी म्हणालो, हो. मग दोघांनीही पंख्याकडे बघितलं. तो बंदच होता, लाइट नव्हती. ती म्हणाली, प्रितमदादाने सांगितलं? मी म्हणालो, सरांनी पण. ती रडायला लागली. मीही. ती जाणार याचं मला वाईट वाटतंय, हे तिला सांगितलं. सगळ्या संशयाच्या मुळाशी तेवढंच होतं, बाकी हत्ती-उंदीर मला कुठे काय कळतंय. हे शेवटचं नाही सांगितलं, इथे लिहितोय.

डोळे पुसून ती म्हणाली, परीक्षा संपली की आपण दोघं तो कार्यक्रम परत बघू या, सुरुवातीपासून. सर सांगतात त्या खऱ्या चुका मी तुम्हाला दाखवते. मी हो म्हणालो.

संकल्प: ती दाखवत असताना मी मध्ये एक शब्दही बोलायचा नाही.
जमेल असं वाटत नाही.